दरवर्षी ओंजळभर माती

मी एक जुनी भिंत आहे, न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका लहानशा चॅपलची, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघराची. मित्रांनो, मी मातीची आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माती, वाळू आणि गव्हाचा पेंढा कालवून, उन्हात वाळवलेल्या विटांनी गावाने मला उभारले.

दर उन्हाळ्यात बायका मला मातीने लिंपायला येत. लिंपता लिंपता गावभरच्या सुनांची उणीदुणी निघत. भिंतीला कान असतात म्हणतात, ते काही खोटे नाही.

पुढे तरुण माणसे शहरात गेली आणि उरलेल्यांचे गुडघे धरले. गावातली बेलार्मिनाबाई म्हणाली, "एकदाच सिमेंट थापू. कायमची कटकट जाईल." सर्वांना ते पटले आणि माझ्यावर सिमेंट चढले. बाई पाहुण्यांना जुनी गावे पायी फिरवून दाखवते. माझ्यापुढे थांबून ती अभिमानाने सांगू लागली, "आता हिला शंभर वर्षं मरण नाही."

पण सिमेंटच्या भेगांतून शिरलेले पाणी वाळायला वाट न मिळाल्याने आतच मुरत राहिले. बाहेर माझे कौतुक चालले होते आणि पायथ्याशी माझा चिखल होत होता. मला फार भीती वाटे.

यंदा पाहुण्यांच्या देखतच सिमेंटचा एक पोपडा गळून पडला. चॅपल सांभाळणारे बाईचे दीर ओनेसिमो यांनी आत बोट घातले, तर ते ओल्या मातीत रुतले.

"वहिनी, ही कुणाच्या अंगावर पडायच्या आत पाडून टाकू."

"सिमेंट लावलं कुणी?" एका पाहुण्याने विचारले.

बाई त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मीच लावायला लावलं. पाहुण्यांना आजवर चुकीचं सांगत आले. भावजी, छिन्नी आणा. आधी सिमेंट काढू, मग बघू."

"या वयात?"

"तुम्ही माझ्याहून पाच वर्षांनी मोठे आहात. तुम्ही नुसतं टोपलं धरा."

महिनाभर गाव खपले. टेकू देऊन कुजक्या विटा बदलल्या. मी वाळले, सावरले. मग बायकांनी मला पुन्हा मातीने लिंपले. तेव्हा आलेल्या पाहुण्यांचेही हात कोपरापर्यंत बरबटले.

"आता दरवर्षी हेच करायचं का, वहिनी?" ओनेसिमोंनी कंबर धरत विचारले.

"दरवर्षी जेवता ना?"

मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी एकदाच घेऊन मोकळे होऊ नका. पाऊस माझी थोडी माती दरवर्षी नेणारच. नेऊ दे. ती भरायच्या निमित्ताने तरी माणसे माझ्यापाशी येतील.