सळई घेऊन सहल

सहल म्हटली की भल्याभल्यांच्या अंगात काय संचारतं कोण जाणे! एरवी पावशेर भाजी घेताना चार दुकानं फिरणारा माणूस, मुलांना फिरवून आणायचं म्हटलं की एकदम राजा होतो. मोठं तिकीट, मोठा पाळणा, मोठा घोळ. कानसेनचंही गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं होतं.

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाणीखात्यात तो गळती शोधायचं काम करायचा. कमरेएवढी पोलादी सळई आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी, एवढंच हत्यार. टोक रस्त्याला टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि जमिनीखालच्या नळातून पाणी कुठं निसटतंय ते ऐकायचं. तो खडूने फुली मारील तिथं खात्याची माणसं खणायची, आणि पाणी तिथंच सापडायचं. बावीस वर्षं हे चाललं होतं, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. त्यालाही ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणायचं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं लग्न झालं. बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. तिचा पहिला नवरा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला होता आणि तिला दोन मुलं होती. धाकटा चार वर्षांचा. आल्यागेल्याच्या पायाला चिकटतो म्हणून त्याला मुंगळा म्हणत. तो लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून कानसेनला बाबा म्हणून मोकळा झाला. आठ वर्षांची मोठी, जिला घरात सगळेच ताई म्हणत, ती मात्र त्याला काहीच म्हणत नसे. लग्नाआधी काका म्हणायची, तेही बंद झालं. काही हवं असलं की आईला सांगायची, "त्यांना विचार ना." आणि 'ते' समोरच बसलेले असायचे!

तर गेल्या महिन्यात त्यानं सगळ्यांना पाळण्यांच्या बागेत नेलं. दीड तास रांगेत उभं राहून मुंगळा जिराफाचा वेष घातलेल्या माणसाच्या अंगावर ओकला. ताई मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसून राहिली. दिवसभरात दोनच वाक्यं बोलली, "पाणी आहे का?" आणि "घरी कधी जायचं?"

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "अहो, एवढा जीव काढून कशाला करता? त्यांना जिराफ नकोय."

"मग काय हवंय?"

"ते मला कळलं असतं तर आधीच सांगितलं नसतं का!"

हे सगळं हसून सोडून दिलं असतं, पण या रविवारी गोष्ट वेगळी होती. ताईची आत्या, म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, दुसऱ्या गावी राहायची. बाई चांगली, मायाळू, घर मोठं. तिनं विचारलं होतं, पोरीला माझ्याकडे ठेवता का? इथली शाळा चांगली आहे, मलाही मूलबाळ नाही. शाळेचा फॉर्म सोमवारी भरायचा होता, आणि आत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता फोन करून ताईलाच विचारणार होती. लग्न करताना आईनं लेकीला शब्द दिला होता, की तुझ्या मनाविरुद्ध काही करणार नाही. आता तो शब्द तिच्याच गळ्याशी आला होता. त्यात नेमकी तिला रविवारची ड्यूटी लागली.

"तुम्ही काही बोलू नका हं तिच्याशी त्या विषयावर," निघताना चपला घालत ती म्हणाली. डोळे लाल होते. "काहीच बोलू नका. नुसतं फिरवून आणा."

कानसेननं मान डोलावली. त्याला तिला सांगायचं होतं, की ताई गेली तर ती माझ्यामुळे गेली असं मला जन्मभर वाटत राहील. पण तिची बस निघायची वेळ झाली होती.

मुलांना संग्रहालयात न्यायचं ठरलं होतं. मुलांना तिकीट नव्हतं, आत सावली होती, आणि जिराफ नव्हते. उकडलेली अंडी, केळी, ब्रेडजॅम, पाण्याची बाटली, मुंगळ्याची जादा चड्डी, सगळं पिशवीत गेलं. आणि दारातून निघताना मुंगळ्यानं दारामागची सळई धरली.

"ही पण!"

"अरे, ती कामाची आहे."

"ही पण!" त्यानं भोकाड पसरायची तयारी केली. कानसेननं एकदा घड्याळाकडे आणि एकदा त्या वाकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि सळई खांद्यावर टाकली.

संग्रहालय बंद होतं. दुरुस्ती चालू आहे, अशी पाटी दाराला अडकवलेली. झालं! कानसेनच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळचे दहा, अंगावर दोन मुलं, आणि डोक्यात दुसरी जागाच नाही. ताईनं पाटी वाचली, त्याच्याकडे न बघता पायरीवर बसली आणि पिशवीतून गोष्टीचं पुस्तक काढलं. तिला हे अपेक्षितच होतं, असं तिच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं.

मुंगळ्याला मात्र संग्रहालयाचं काही पडलेलं नव्हतं. त्यानं सळई ओढत नेऊन आवारातल्या झेंड्याच्या उंच लोखंडी खांबाला टेकवली आणि वाटीला कान लावला. त्याचे डोळे मोठे झाले.

"आत माणूस आहे," तो म्हणाला.

"काहीतरीच," ताई पुस्तकातूनच म्हणाली.

"आहे! ठोकतोय. म्हणतोय, दार उघडा."

ताईनं पान उलटलं. मग ते परत मागे उलटलं. शेवटी ती उठली, फक्त मुंगळा खोटं बोलतोय हे सिद्ध करायला, आणि तिनं कान लावला. टक्, टक्टक्, टक्. तिनं मान वर करून पाहिलं. वाऱ्यानं वरची दोरी खांबावर आपटत होती. तिनं परत कान लावला. वाटीतून हा आवाज केवढा मोठा येत होता, जसं कुणी शेजारच्याच खोलीत ठोकतंय.

"हे असंच असतं का सगळ्यात?" तिनं विचारलं. हवेत विचारलं, पण आसपास दुसरं उत्तर देणारं कुणी नव्हतं.

"बघू या की," कानसेन म्हणाला.

मग ते निघाले, आणि कुठं जायचं हे कुणीच ठरवलं नाही. पुलाच्या कठड्याला सळई लावली, तर आत गाड्या घरघरत होत्या. गटाराच्या झाकणाला लावली, तर खाली कुणी गुळण्या करत होतं. मुंगळ्यानं बाकावर झोपलेल्या एका कुत्र्याला लावायचा प्रयत्न केला, तो कुत्रा उठून दुसऱ्या बाकावर गेला. एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं, असा खेळ आपोआप सुरू झाला. कुणी 'चला' म्हटलं नाही, कुणी 'लवकर' म्हटलं नाही. दोनशे पावलं जायला त्यांना तास लागला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. कानसेनच्या मनात आलं, आपण पाळण्यांच्या बागेत काय शोधायला गेलो होतो, देव जाणे.

"आणि गळती कशी ऐकू येते?" ताईनं विचारलं.

"सूंऽऽ अशी. बारीक. आणि ती थांबत नाही. माणूस दम घेतो, यंत्र दम घेतं, गळती दम घेत नाही."

त्यांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर अंडी सोलली. मुंगळ्यानं पिवळं खाल्लं, ताईनं पांढरं. हे त्या दोघांचं आधीपासूनच ठरलेलं असावं. मग ताई एकदम म्हणाली, "तुम्ही माझ्या बाबांचा आवाज ऐकला होता?"

कानसेननं हातातलं अंडं खाली ठेवलं. या घरात तो आल्यापासून त्या माणसाचं नाव कुणी घेत नसे. बायको त्याला वाईट वाटू नये म्हणून घेत नसे, तो तिला वाईट वाटू नये म्हणून विचारत नसे. मोठ्या माणसांचा हा सगळा शहाणपणा पोरीवर किती जड पडत होता, हे त्याला त्या पायरीवर बसून पहिल्यांदा कळलं.

"नाही गं," तो म्हणाला. "कधीच नाही. कसा होता?"

"आत्याकडे सगळे बोलतात त्यांच्याबद्दल," ती म्हणाली. "इथं कुणीच नाही बोलत. मी विसरत चाललेय."

"मग मला सांग ना. तुला जेवढं आठवतंय तेवढं."

तिनं थोडा वेळ अंड्याचं टरफल चुरलं. मग आवाज जाड केला, हनुवटी खाली ओढली आणि म्हणाली, "'कोण आहे रे बाथरूममध्ये? नदी आणलीय का घरात?'" आणि स्वतःच हसली.

"कोण ओरडलं?" मुंगळ्यानं विचारलं.

"आपले बाबा. पहिले."

"परत कर!"

तिनं परत केलं. सहा वेळा करावं लागलं. सहाव्या वेळी मुंगळा तो आवाज स्वतः काढत पायरीवरून लोळत खाली आला. कानसेन हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

पुढच्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या भिंतीलगत, त्यानं सहज सळई टेकवली आणि त्याचा चेहराच बदलला.

"गळती!" तो म्हणाला. "ऐका, ऐका! काय सुरेख लागलीय!"

खिशातून खडू काढून त्यानं फुटपाथवर भलीमोठी फुली मारली आणि खात्यात फोन लावला. सुट्टीच्या दिवशी पोरांसमोर गळती सापडली, मग काय विचारता! गडी फुगला होता. पत्ता सांगितला, "उद्या सकाळी खणायला माणसं पाठवा," असंही सांगून टाकलं.

तोवर ताई वाटीला कान लावून उभी होती. तिचे ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती.

"थांबली," ती म्हणाली.

"काय?"

"चाळीस मोजेपर्यंत वाजली, मग थांबली. आता परत लागली. तुम्हीच म्हणालात, गळती दम घेत नाही."

"अगं, मध्येच एखादी गाडी जाते, त्यात ऐकू येत नाही. बावीस वर्षं मी..." एवढं बोलून तो थांबला. तिचा चेहरा मिटत चालला होता, पुस्तक काढताना मिटला होता तसा. त्यानं सळई घेतली, डोळे मिटले आणि मोजायला लागला. अडतीसला आवाज बंद. अकरा मोजल्यावर परत चालू.

"मग काय आहे ते?" त्यानं विचारलं. आणि आता त्यालाही खरंच माहीत नव्हतं.

तिघं भिंतीला सळई लावत लावत पुढे गेले. ताई पुढे, ती म्हणेल तिथं टेकवायची. आवाज वाढत वाढत फुटपाथच्या पातळीवरल्या एका खिडकीपाशी आला. खाली तळघरात दिवा होता, आणि एक म्हातारीशी बाई गोल फिरणाऱ्या दगडावर चष्म्याची काच घासत होती. दगडावर पाण्याची धार पडत होती, सूंऽऽ. मग तिनं काच उचलली, दिव्यासमोर धरली, बघितली, आणि परत सूंऽऽ.

खिडकीत तीन तोंडं दिसल्यावर तिनं यंत्र बंद केलं. "काय हो, काय पाहिजे?"

"आजी, आम्हाला वाटलं तुम्ही गळती आहात," मुंगळ्यानं सांगून टाकलं.

चष्मेवालीला सगळं समजावून सांगावं लागलं. ती पोट धरून हसली. "म्हणजे माझ्या दारात खड्डा करणार होतात की काय! या, आत या." मग अर्धा तास मुलं तिथंच रमली. कुठल्या काचेतून मुंगळ्याचं नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि कुठल्या काचेतून ताई अंगठ्याएवढी होते, हे आलटून पालटून बघून झालं.

बाहेर आल्यावर कानसेननं पायानं फुली पुसली आणि खात्यात फोन लावला. मुलं शेजारीच उभी होती. "उद्याचं रद्द करा. नाही, गळती नाही तिथं. चूक झाली, माझीच. हसा, हसा. कुणाच्या लक्षात आलं?" त्यानं ताईकडे पाहिलं. "ताईच्या. हो, आठ वर्षांची आहे. तिनं मोजलं, मी मोजलं नव्हतं."

ताई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

मुंगळा पेंगायच्या आत ते बसमध्ये बसले. पाच वाजता घरी. साडेसहाला आई आली, आणि तिनं नुसतं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

सातला फोन वाजला. ताईनं घेतला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कानसेन ओट्यापाशी एकच ताट पुन्हा पुन्हा विसळत होता.

"हो आत्या. नाही, झोपलाय तो. आज ना, आम्ही एका बाईच्या दारात खड्डा करणार होतो... नाही गं, ते चुकले. हो, ते चुकतात. पण चुकलं की स्वतःच फोन करून सांगतात." मग पलीकडून आत्या बराच वेळ बोलली. "मला माहितीय, तुझ्याकडे सगळे बाबांचं बोलतात. म्हणूनच मला यायचं होतं. पण मी तिकडे आले तर मुंगळ्याला कोण सांगणार? त्याला काहीच माहीत नाहीये. आज त्याला बाबांचा आवाज शिकवला मी... हो, त्यांच्यासमोरच. त्यांनीच विचारलं मला, कसा होता म्हणून." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "सुट्टीत येते ना. शाळेला नको."

आईनं दाराची चौकट सोडली.

ताईनं ओट्यापाशी येऊन फोन पुढे केला. "घ्या. आत्याला तुमच्याशी बोलायचंय."

ओल्या हातानंच कानसेननं फोन घेतला. आता हजेरी घेणार, अशा तयारीनं तो उभा राहिला. पलीकडे आत्यानं नाक ओढलं.

"फॉर्म फाडून टाकते मी," ती म्हणाली. "पण सुट्टीत आठ दिवस पाठवा हं तिला."

"आठच का," कानसेन म्हणाला, "पंधरा ठेवा. मुंगळ्यालाही पाठवतो. तुमच्याकडचंही ऐकू दे त्याला."

मग त्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि नळ सोडून तोंड धुतलं.