वरवंट्याची कावीळ

चौक गावाला, हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेमागे, रामभाऊच्या मांडवात सकाळी आठलाच पन्नासेक माणसं बसलेली असत. कुणी पनवेलहून आलेलं, कुणी घाटावरून. सगळ्यांचे डोळे हळदीसारखे. रामभाऊ एकेकाला पुढे बोलावी, तांब्यातलं 'मंतरलेलं' पाणी त्याच्या कोपरापर्यंत चोळी, आणि मग पांढऱ्या इनॅमलच्या टोपातल्या स्वच्छ पाण्यात ते हात धुई. बघता बघता टोपातलं पाणी पिवळंधमक होई.

"बघा! कावीळ कशी धावत भायेर आली! डाक्टर सुई टोचून रगत काढतो, मी नुसता हात लावून पिवळं काढतो. ह्ये बी सायन्सच हाय, पन वरच्या इयत्तेचं!"

माणसं हात जोडत. तीन दिवस तीन धुणी. पहिल्या दिवशी पाणी गर्द पिवळं, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी जवळजवळ निवळ. मला पहिला संशय आला तो इथेच. रोग एवढा शिस्तीचा कसा?

साल १९७८. मी भिसेगावची विशाखा, एम. ए. करत होते. आजारी माणूस औषधाला कुठे जातो आणि का जातो, हा माझा अभ्यास. सरांनी बजावलं होतं, "लोकांना खुळं समजून जाऊ नकोस. त्यांना विचार, आणि ते बोलतील तसं लिहून घे." म्हणून वही घेऊन मांडवात बसले होते.

तिथे शहाजादी दिसली. शाळेतली माझी मैत्रीण. चौकच्या झहीरला दिलेली. त्याचं तिथेच गॅरेज. तिला सातवा महिना होता आणि डोळे पिवळे. कालच तिचं पहिलं धुणं झालं होतं. सोबत सासू हवाबी.

"हवाबी, हिला दवाखान्यात नाही नेलं?"

"नेलती ना. डाक्टरनं मान वर करून बघितलं बी नाय. चिट्ठी लिवली आन 'पुढचा' म्हनला. काय झालंय इचारलं तर खेकसला. रामभाऊनं माझ्या सुनेचा हात धरला, गाव इचारलं, किती म्हयने झाले इचारलं."

मी ते वहीत उतरवलं. 

मग मी स्वतःच रामभाऊपुढे हात केले. मला काहीच झालेलं नव्हतं. तरी पाणी पिवळं!

"तुलाबी हाय गं पोरी! गुप्त कावीळ. डोळ्यांत दिसत नाय, आत दडून ऱ्हाते."

झालं! आजारी असाल तरी पिवळं, नसाल तरी पिवळं. पण माझी कातडी तुरट ओढल्यासारखी झाली होती, आणि बोटावरचा ओरखडा टोपातल्या पाण्याने चुरचुरला, चुना लागावा तसा. शिवाय रामभाऊच्या पाटाखाली तांबे तीन होते. मांडवामागे एक आंबा होता; कमरेएवढ्या उंचीपर्यंत त्याची साल सोलून काढलेली.

"तीन वर्सांत एक मानूस दगावला नाय," असं रामभाऊ छातीवर हात मारून सांगत होता. बऱ्या झालेल्यांची नावं त्यानेच दिली. त्यातली सोमी शोधत मी दुपारी खालापूरच्या वाटेवरच्या एका वाडीत गेले. दारात तिची आई मोतीबाई भेटली.

"सोमी गेली गं. आठवा चालू हुता. तिसरं पानी निवळ आलं, आमी नारळ फोडला. चौथ्या दिशी झोपेतनं उठलीच नाय."

"रामभाऊला सांगितलंत?"

"मेल्यावर कोन जातंय सांगायला?"

 बरे झालेले पेढे घेऊन येतात. गेलेल्यांची माणसं घरीच बसतात.

संध्याकाळी घरी मी आंब्याची साल ठेचून पाण्यात भिजवली, आईच्या पानपुड्यातल्या चुन्याची निवळी केली. सालीचं पाणी हातांना चोळून हात निवळीत बुडवले. पाणी पिवळंधमक. आई, पारूबाई, घाबरली. "खरंच कावीळ हाय का काय तुला?"

मी कोपऱ्यातला वरवंटा उचलला, त्याला साल चोळली आणि निवळीत धुतला.

"अगो बाई!" आई म्हणाली, "दगडाला कावीळ!"

दुसऱ्या दिवशी तो वरवंटा पिशवीत घालून मी मांडवात गेले. शहाजादीचं तिसरं धुणं चाललं होतं. ती धड बसत नव्हती, मान टाकत होती, मधेच काहीतरी बरळत होती. टोपातलं पाणी मात्र निवळ होतं. "उतरली!" रामभाऊ ओरडला.

मी वरवंटा पुढे ठेवला. "रामभाऊ, आता याला धुवा. पहिल्या दिवशीच्या तांब्यातलं पाणी घ्या."

लोक हसले. रामभाऊ नाही. "मंतरलेल्या पान्याचा खेळ करतीस? ऊठ!"

"दगडाला कावीळ नसते. पाणी पिवळं झालं नाही, तर मी तुमच्या पाया पडते."

त्याने त्या तांब्यावर हात ठेवला. हवाबी इतका वेळ सुनेला धरून होती. तिने एकदा रामभाऊच्या त्या हाताकडे बघितलं, सुनेला माझ्या अंगावर टेकवलं आणि तांब्या ओढून घेतला. वरवंट्यावर पाणी ओतलं, चोळलं, टोपात बुडवला.

टोप पिवळा झाला.

एक ट्रक ड्रायव्हर फसकन हसला, मग कुणीच हसलं नाही. मी सांगितलं: आंब्याची साल आणि चुना एकत्र आले की हा रंग येतो. रोज साल कमी घातली की रंग फिका होतो. कावीळ बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत आपली आपण उतरते. श्रेय तांब्याला जातं. पण गरोदर बाईच्या ती जिवावर बेतू शकते.

हवाबीने पुढचं ऐकलं नाही. "झहीर, टेंपो काढ रं!"

मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीणबाई स्टूल ओढून हवाबीशेजारी बसली आणि काय होतंय ते तिला समजेल असं सांगितलं. अकरा दिवसांनी शहाजादी घरी आली. बाळ वाचलं नाही.

"चार दिस आधी आनली आसती तर?" हवाबीने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "सांगता येत नाही. पण संधी मिळाली असती."

रामभाऊने मांडव उचलून पुढच्या फाट्यावर टाकला. हवाबी तिथेही गेली. रांगेत पोटुशी बाई दिसली, की तिचा हात धरून तिला बाहेर आणायची.

डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे, की चिठ्ठी लिहिण्याआधी मान वर करा. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून रामभाऊचं ऐकलं गेलं. आणि तुम्हा-आम्हाला हे, की पाणी पिवळं झालं म्हणून हात जोडू नका. आधी विचारा, निरोगी माणसाचे हात धुतले तर काय होतं? आणि जे बरे झाले नाहीत, ते आज या मांडवात का दिसत नाहीत?