आत्याची कडक सीट

कारखान्यात तीस माणसं कामाला होती आणि आत्या त्या तिसांचीही आत्या होती. तसं खरं नातं एकट्या मालकाशीच. पण मालकच दिवसातून दहादा ‘आत्या, आत्या’ करत शेडभर फिरत असल्यावर बाकीच्यांनी काय बाईसाहेब म्हणायचं? कारखाना तिच्या भावाने उभा केला होता. सांगाडा आणि इंजिन भावाचं, सीट बहिणीची, अशी पहिल्या मोटरसायकलपासूनची वाटणी. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्याच्या खुर्चीत आता त्याचा मुलगा, आत्याचा भाचा, बसत होता. आत्या मात्र होती तिथेच, मागच्या शेडमधल्या खिडकीखाली, शिवणयंत्रापुढे. तिच्या हातची सीट नाही अशी एकही गाडी पस्तीस वर्षांत फाटकाबाहेर पडलेली नव्हती. हे ती कधी बोलून दाखवत नसे. गरजच नव्हती, तिच्या चालण्यात ते दिसायचं.

गेल्या वर्षी भाच्याने पहिल्यांदा मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. गोल फिरणारा चौथरा, वर दिवे, खाली गालिचा, आणि मधोमध पुसून पुसून आरशासारखी केलेली मोटरसायकल. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही, कारण हॉलचा तसा नियमच होता. चार दिवसांत हजारो लोक तिच्यावर चढले, हँडल धरून फोटो काढून घेतले, तोंडानेच इंजिनाचा आवाज काढला आणि उतरले. जाताना त्यांनी अभिप्रायाच्या चिठ्ठ्या भरल्या. भाच्याने त्या एकूण एक वाचल्या. रंग झकास, टाकी देखणी, आणि निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच तक्रार: सीट कडक आहे.

“कडक आहेच,” आत्या म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.

ती दुराग्रहाने म्हणत नव्हती, कामातलं म्हणत होती. मऊ फोमवर बसताक्षणी बरं वाटतं, पण तासाभरात तो दबतो आणि मग माणूस फोमवर नाही, खालच्या पत्र्यावर बसलेला असतो. म्हणून आत्या तीन थर हाताने कापून एकावर एक चिकटवत असे. शिवणयंत्रापुढच्या तिच्या स्टुलावर कायम एखादा नवा थर पडलेला असायचा. आठवडाभर ती त्यावर बसून काम करी आणि मगच तो सीटमध्ये जाई. एवढी परीक्षा तर तिने घरच्या सुनेचीही घेतली नव्हती.

वर्षभर दोघांचं वाजत राहिलं. आत्याचं म्हणणं, प्रदर्शन बंद कर, लोकांना तासभर गाडी चालवायला दे, मग विचार सीट कशी आहे ते. भाच्याचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नव्हतं. टेस्ट राइडला दिवसाला वीस माणसं येणार, प्रदर्शनात वीस हजार. आपला कारखाना एवढासा. आपण या जगात आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो चालवायला येईल कुठून? यावर आत्या जास्तच मोठ्याने बोलायची.

यंदाच्या प्रदर्शनाला महिना उरला तेव्हा भाच्याने सगळ्यांना शेडमध्ये बोलावून निर्णय सांगितला. प्रदर्शनातल्या गाडीला मऊ सीट बसवायची. लोकांना ती आवडली तर पुढच्या महिन्यापासून साच्यातल्या तयार सीटा बाहेरच्या कारखान्यातून येतील. “आत्या, तू आता आराम कर,” तो म्हणाला. तो हे मायेने म्हणाला. नेमकं तेच तिला जास्त लागलं. टाकून बोलला असता तर तिने तिथल्या तिथे उतरवला असता. मायेपुढे काय बोलणार?

आत्याने कात्री खाली ठेवली.

“मऊ सीट मीच करते,” ती म्हणाली. “पण गाडी ट्रकात घालून न्यायची नाही. तू चालवत न्यायचीस.”

प्रदर्शनाचं शहर पाच तासांवर. भाचा गेली सहा वर्षं ऑफिसातून घरी आणि घरून ऑफिसात एवढंच चालवत होता, तेही चारचाकी. पण मोटरसायकलच्या कारखान्याच्या मालकाला तीस माणसांदेखत ‘मला मोटरसायकल चालवायची नाही’ असं म्हणता येत नाही. तो हो म्हणाला.

आत्याच्या मनात पाप आलंच नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. थर थोडा वाकडा कापायचा, एक शिवण सैल सोडायची, कुणाला कळलं असतं? पण तिचा हात तिचंही ऐकत नसे. तिने केली ती मऊ सीट इतकी देखणी झाली की शेडमधला जो तो येऊन तिच्यावर बसून गेला आणि वा वा करून गेला. आत्याने ओठ घट्ट मिटून सगळ्यांचं ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला भाचा पुढे मोटरसायकलवर, मागे स्टॉलचं सामान भरलेला ट्रक. ट्रकवाल्याशेजारी आत्या, आणि तिच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. पहिला तास भाचा ऐटीत होता. वळणावर मागे बघून हातसुद्धा केला त्याने. दुसऱ्या तासाला तो जरा डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. चहाला थांबले तेव्हा आत्या बाकावर ऐसपैस बसली. त्यालाही बस म्हणाली. तो उभ्यानेच बरा आहे म्हणाला आणि झाडाला टेकून चहा प्याला.

तिसऱ्या तासाला तो फूटरेस्टवर उभा राहिला. कोपर बाहेर, मान किंचित डावीकडे कललेली, सीटपासून वीतभर वर. तो तिचा भाऊ होता, जसाच्या तसा. ट्रकवाल्याने विचारलं, आत्या, डोळ्यांत काय गेलं? तिने नुसतं उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं.

पुढच्या फाट्यावर भाच्याने गाडी बाजूला घेतली. उतरला, आणि पूर्ण सरळ व्हायला त्याला बराच वेळ लागला. मग तो ट्रकच्या खिडकीपाशी आला.

“आत्या, त्या पोत्यात काय आहे?”

तिने उत्तराऐवजी पाना पुढे केला.

दोनच बोल्ट होते. भाच्याने रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून स्वतः ते काढले, मऊ सीट ट्रकात दिली आणि कडक सीट बसवली. इस्त्रीच्या पँटीची वाट लागली. हात काळे झाले. आत्याला ते हात फार आवडले.

“आधी सांगायचं नाही का?” तो कुरकुरला.

“वर्षभर सांगत होते. कानाने ऐकत नव्हतास, आज कंबरेने ऐकलंस.”

मग तिने त्याला ते सांगितलं जे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या मोटरसायकलची पहिली सीट मऊ होती. तिनेच केली होती, भावाला टोचू नये म्हणून, असेल नसेल तेवढा मऊ फोम भरून. भाऊ दिवसभर गाडी फिरवून परत आला तो फाटकातून असाच, फूटरेस्टवर उभा. उतरल्यावर तिला एका शब्दाने बोलला नाही. त्या रात्री ती रडली होती आणि सकाळी तिने ती सीट स्वतःच्या हाताने उसवली होती. “तुझ्या जन्माआधीची चूक आहे ती,” ती म्हणाली. “मऊ करणं मला येत नाही म्हणून कडक करते, असं वाटलं होतं का तुला?”

भाचा पाना पुसत राहिला. मग म्हणाला, बाहेरच्या कारखान्याला आत्ताच नको म्हणून कळवतो. त्याने फोन काढलासुद्धा.

“नको,” आत्या म्हणाली. “तू माझा भाचा. तुझ्या कंबरेची साक्ष मी धरत नाही. परक्या माणसाला सांगू दे.”

उरलेले दोन तास तो कुठेही थांबला नाही. ट्रक कुठल्या कुठे मागे पडला.

हॉलमध्ये आजूबाजूच्या गाड्या लखलखत होत्या आणि यांची धुळीने माखलेली, दिव्यावर किडे चिकटलेली. नियमाप्रमाणे टाकी रिकामी केली. सजावटवाला फडकं घेऊन धावत आला, तर भाच्याने त्याला गाडीला हातच लावू दिला नाही. चौथऱ्याचं फिरणंही बंद करायला लावलं. मग कारखान्यात फोन करून तयार असलेल्या चार गाड्या चालवत आणायला सांगितल्या आणि हॉलबाहेरच्या मैदानाच्या कडेला उभ्या केल्या. पाटीवर एवढंच लिहिलं: ‘ही गाडी इथवर स्वतःच्या चाकांवर आली आहे. बाहेर चार आहेत. तासभर चालवून बघा.’ गर्दी आत आणि चक्कर बाहेर. वर्षभर भांडूनही हे दोघांना सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक धिप्पाड गृहस्थ गाडीवर बसला, दोनदा खालीवर झाला आणि नाक मुरडून म्हणाला, सीट कडक आहे.

“आहेच कडक,” भाचा सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाला. “माझ्या आत्याने केली आहे. तासभर फिरून या आणि मग सांगा.”

आत्या स्टॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवायला तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उगाच सारखा केला, पण कान लाल झाले होते. गृहस्थ बाहेर गेला. तास झाला, सव्वा तास झाला. आत्याने दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती दाराशिवाय कुठेच बघत नव्हती. पस्तीस वर्षांचं काम एका अनोळखी माणसाच्या कंबरेवर अडकलं होतं.

तो आला. केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला. आल्या आल्या त्याने विचारलं, लिटरला किती जाते? हिरव्या रंगात मिळेल का? घाटात तिसऱ्या गिअरवर कशी सुटली म्हणून सांगू, असं म्हणत हात हलवून दाखवू लागला. भाच्याने त्याला सगळं बोलू दिलं. मग हळूच विचारलं, “आणि सीट?”

“सीट?” गृहस्थ गोंधळला. “सीटचं काय?”

भाच्याने आत्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत तिच्या कामाची एवढी मोठी तारीफ कुणी केली नव्हती. माणूस तासभर त्या सीटवर बसला होता आणि त्याला ती आठवतही नव्हती. भाच्याने तिथेच फोन लावला आणि बाहेरच्या कारखान्याला सांगितलं की सीटा नकोत, आमच्याकडे आत्या आहे.

आत्या ताठ मानेने उठायला गेली आणि अर्ध्यावरच कंबर धरून थांबली. कालची ती मऊ सीट तिने फुकट जायला नको म्हणून सकाळीच स्टुलावर टाकून घेतली होती.

“काय झालं आत्या?” भाच्याने हसू दाबत विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “फार मऊ आहे.”