एका डोळ्याची दुर्बीण आणि घळीतला पाहुणा

मित्रांनो, माझा उजवा डोळा गेलेला आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी "अगं बाई, ही तर फुटकी" असं म्हणायला नको. मी एक जुनी दुर्बीण आहे. डाव्या नळीतून मला अजून स्वच्छ दिसतं, आणि मी जे सांगणार आहे ते त्याच नळीतून पाहिलेलं आहे.

माझी भिंगं घासणाऱ्या बाईंना स्वतःलाच जाड चष्मा होता. त्या प्रत्येक भिंग कारखान्याच्या खिडकीकडे धरून पाहायच्या आणि मनासारखं उतरलं नसेल तर पुन्हा घासायला घ्यायच्या. मुकादम करवादायचा, तरी घ्यायच्या. माझा हट्टी स्वभाव तिथूनच आला असावा. पुढे बारा वर्षं मी एका बंदरात काढली. तिथला कारकून मला डोळ्याला लावून येणाऱ्या जहाजांची नावं वाचायचा. तेव्हा माझा थाट होता. निजायला चामड्याची पेटी आणि पुसायला मखमलीचा तुकडा. मग एकदा त्याच्या हातून मी धक्क्याच्या पायऱ्यांवर पडले. उजव्या नळीत ओल शिरली आणि ओलीमागून बुरशी आली. पेटी गेली, मखमल गेली, आणि मी जुन्या बाजारात गंजक्या इस्त्र्यांच्या शेजारी येऊन पडले.

तिथून मला मीटरबाईंनी उचललं. डोंगरावरच्या गावात घरोघर फिरून विजेचे मीटर वाचणं हे त्यांचं काम. गावात घरं कमी आणि कुत्री फार. फाटकाबाहेर उभं राहून आकडा वाचता आला की झालं, म्हणून त्यांना मी हवी होते. दुकानदार प्रामाणिक होता, म्हणाला, "बाई, हिचा एक डोळा गेलाय." बाई म्हणाल्या, "मीटर वाचायला दोन कशाला लागतात?"

एकदा हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला एका बंगल्याच्या मीटरवर रोखलं, तर पेटीवर एक अनोळखी पाखरू बसलेलं. बाई आकडा विसरल्या. त्या दिवसापासून फेरी संपली की आम्ही दोघी जंगलात. गावाच्या वर, जिथे प्रवासी गाड्या थांबवून दरी पाहतात, त्याच्या खाली एक ओली, अरुंद घळ आहे. तिथे माणसापेक्षा उंच नेचे वाढतात, झाडांच्या फांद्यांवर शेवाळाची जाड लोकर चढलेली असते, आणि ढग दिवसातून चारदा आत येऊन जातो. त्या घळीत बाईंना सलग तीन हिवाळे एक छोटा माशीमार दिसला. राखी पाठ, विटकरी गळा, वजन फार तर दोन चमचे साखरेइतकं. बर्फाच्या मुलखातून, रात्रीमागून रात्र उडत तो इथे येतो.

बाईंनी तिन्ही वेळा गावातल्या पक्षीमंडळाला लिहून कळवलं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी त्यांनी एका दुर्मीळ पक्ष्याची घाईने नोंद केली होती, ती खोटी ठरली आणि चारचौघांत हसं झालं. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. तिन्ही वर्षं त्यांनी बाईंच्या नोंदीपुढे एकच शब्द लिहिला : 'शंकास्पद'.

चौथ्या वर्षी मात्र हा शब्द महागात पडणार होता. प्रवाशांच्या गाड्यांसाठी घळ बुजवून मोटारतळ करायचं ठरलं होतं. घळीत दुर्मीळ पक्षी येतो असं मंडळाच्या यादीत असेल, तरच वनखातं भराव थांबवणार होतं. पाहुणे पक्षी उतरायच्या दिवसांत मंडळ एक दिवसाची पक्षीगणना करी. ती यादी त्याच संध्याकाळी वनखात्याकडे जायची होती.

गणनेच्या सकाळी सगळे हॉटेलच्या सज्ज्यावर जमले. गळ्यात नव्याकोऱ्या दुर्बिणी, तिपायांवर लांब नळ्या. एकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हिच्यातून काही दिसतं का हो?"

"तुमचा शर्ट उलटा आहे एवढं दिसतंय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाईंना हॉटेलमागची बाग नेमून दिली. बाई म्हणाल्या, "मी घळीत बसणार."

"घळीत आमचं कुणी नाही. एकटीने पाहिलेलं धरता येत नाही, दोन साक्षी लागतात. आणि ही दुर्बीण घेऊन..."

"साक्षीदार मी आणते. दुर्बीण हीच राहील."

मित्रांनो, तेव्हा मला हात असते तर मी बाईंची पाठ थोपटली असती.

साक्षीदार म्हणून आल्या बाईंच्या नणंदबाई. त्या शिवणकाम करत. जन्मात कधी पक्षी पाहायला गेल्या नव्हत्या आणि गुडघे कुरकुरत होते. घळीत उतरताना त्यांनी विचारलं, "वहिनी, हे पाखरू वरच्या अंगाला नाही का बसत?"

"बसत नाही. मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा, जळवा आहेत."

"हे घरी सांगितलं असतं तर मी आलेच नसते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

आम्ही एका ओल्या दगडावर बसलो. पहिले दोन तास नुसता ढग होता. शेवाळातून पाणी ठिबकत होतं आणि पक्ष्यांचे फक्त आवाज येत होते. मग ढग फाटला आणि एकदम पाखरांची दिंडीच आली. सात-आठ जातींचे पक्षी एकत्र, कुणी खोडावर, कुणी शेंड्यात, कुणी पाचोळ्यात, किडे शोधत पाच मिनिटांत अख्खी घळ ओलांडून गेले. नणंदबाई कुरकुर विसरून मान वळवत राहिल्या. माशीमार त्यांच्यात नव्हता.

दुपार कलली. वर सज्ज्यावर जेवणाची घंटा झाली. नणंदबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, नाही दिसला तर मी दिसला म्हणून सांगू का? कुणाला कळणार?"

बाईंनी मला खाली ठेवलं. "नाही. एवढी वर्षं मला खोटी ठरवतायत. आज खोटं बोलून त्यांचं खरं करू?"



तीनच्या सुमाराला समोरच्या वाळक्या काटकीवर काहीतरी हललं. बाईंनी मला उचललं. तोच होता. प्रवासाने रोडावलेला, पंख किंचित खाली सोडलेले, शेपटी वर झटकत. बाईंनी मला डोळ्यापासून काढलं आणि नणंदबाईंच्या हातात दिलं. सकाळपासून ज्याची वाट पाहिली, त्याला त्यांनी दोन श्वास पाहिलं आणि उरलेलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकलं. नणंदबाईंनी मला डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

संध्याकाळी मंडळ हॉटेलात जमलं, तेव्हा डॉक्टरांनी बाईंना दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि नणंदबाईंना आत बोलावलं. मी त्यांच्याच गळ्यात होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"तुम्ही किती पक्षी ओळखता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन. कावळा आणि हा."

कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "पुस्तक न बघता सांगा. कसा होता?"

"पाठ राखाडी. गळा भाजल्या विटेच्या रंगाचा, आणि त्या रंगाला दोन्ही बाजूंनी काळा गोट. पण गोट नीट बसलेला नव्हता हो. उजवीकडे सलग होता, डावीकडे मध्येच तुटलेला. मी असं काम गिऱ्हाइकाला दिलं नसतं."

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. चित्रातल्या पक्ष्याची काळी किनार दोन्हीकडे अखंड होती. "चित्रात तर तुटलेली नाही," ते म्हणाले.

"मग चित्र काढणाऱ्याला दुसरा दिसला असेल. मी हा पाहिला."

डॉक्टर खाली पाहत म्हणाले, "लहान वयाच्या नराची किनार अशी अपुरी असते. हे या पुस्तकात नाही." मग त्यांनी दार उघडून बाईंना आत घेतलं. "बाई, तीन वर्षं मी शंकास्पद लिहीत आलो, आणि घळीत एकदाही उतरलो नाही. हे माझं चुकलं." त्यांनी बाईंच्या देखत नोंद लिहिली आणि पुढे सही केली.

घळ वाचली, पण सगळी नाही. वरची कड आधीच तोडली गेली होती, तिथे आज गाड्या उभ्या असतात. खालची ओली घळ राहिली. मोटारतळाचा उरलेला भाग गावाबाहेर, जुन्या लाकडाच्या वखारीकडे गेला.

पुढच्या वर्षी मंडळाने बाईंना दोन डोळ्यांची चांगली दुर्बीण भेट दिली आणि मला काचेच्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवायचं म्हटलं. बाई म्हणाल्या, "कपाटात ठेवायला ती काय मेली आहे?" आता मी नणंदबाईंच्या शिवणयंत्रापाशी खिळ्याला टांगलेली असते. दोरा ओवता ओवता त्या मला उचलतात आणि खिडकीबाहेर पाहतात.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. मला कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्याने पुसा आणि रोज बाहेर काढा, कारण दुर्बीण पडून मरते त्याहून जास्त वेळा नुसती ठेवून मरते. आणि एक करा. कुणी म्हणालं की मी अमुक पाहिलं, तर त्याला 'तुझी दुर्बीण कुठली' असं विचारू नका. 'कुठे बसला होतास' असं विचारा, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.