हप्त्याची रंगीत तालीम

सलूनवाल्याला खुर्ची हवी होती. साधीसुधी नव्हे, बटण दाबलं की वर जाणारी, मागे झुकणारी, गिऱ्हाइकाला क्षणात राजा करणारी. जुनी खुर्ची कण्हायची आणि गिऱ्हाइकं एकेक करून चौकातल्या नव्या सलूनकडे वळत होती.

"हप्त्यावर मिळतेय," तो बायकोला म्हणाला. "महिन्याला फक्त तीन हजार. चुटकीसरशी फिटतील!"

बायको बाळाला भरवत होती. "मग तीन महिने ते तीन हजार मला द्या. जमलं, तर खुशाल कर्ज काढा."

"तू काय बँक आहेस?"

"बँकेपेक्षा बरी. ती घरी येऊन अपमान करते, मी घरातच करते."

पहिला महिना तेजीचा गेला. त्याने नोटा ऐटीत मोजल्या. दुसऱ्या महिन्यात शाळांना सुट्टी लागली, निम्मी गल्ली गावाला गेली. त्याने एकोणीसशे पुढे केले आणि वर गोड हसू.

"अकराशे कमी आहेत. शंभर दंड."

"अगं, बाळाच्या बापाला दंड?"

बाळाने घास थुंकला.

"बघा, साहेबांनीही अर्ज फेटाळला."

दोन दिवस तो फुगून बसला. मग एकाची दाढी करताना वस्तरा हवेतच थांबला. हप्ता आपण भरल्या महिन्याच्या मापाने बेतला. तो झेपायला हवा रोड महिन्याला! वही काढली. रोडातल्या रोड महिन्याला अठराशेच झेपत होते.

तिसऱ्या महिन्याचा हप्ता त्याने दंडासकट भरला आणि तिच्याकडे साठलेले आठ हजार खिशात घालून खुर्च्यांचं दुकान गाठलं. विक्रेत्याने कागद सरकवला, एका आकड्यावर बोट ठेवूनच.

"बोट उचला जरा."

खाली एकूण रक्कम होती. साठ हजारांच्या खुर्चीचे नव्वद हजार.

"ही तर दीड खुर्ची झाली हो! वरची अर्धी कुठे आहे?"

विक्रेता खोकला. शेवटी पायाने पंप मारायची चोवीस हजारांची खुर्ची ठरली. आठ रोख, बाकीचे व्याजासकट अठराशेचे दहा हप्ते.

खुर्ची आली तेव्हा बाळाला घेऊन बायकोच आधी बसली. त्याने पंप मारला, दोघं वर गेली. बाळ खिदळलं.

"अजून वर," ती म्हणाली.

इतक्यात चौकातल्या सलूनकडे निघालेले जुने गिऱ्हाईक, मास्तर, दारात थबकले. "नवी दिसतेय. बसू का?"

"उतरा बँकबाई," तो घाईने कुजबुजला, "हप्ता आलाय."