सायकलवरून उतरल्यावर

गुणवंत सबनिसांना चालणं जमत नसे, पण सायकल चालवता येत असे. ऐकणाऱ्याला ही चक्क थाप वाटेल. त्यांच्या बायकोला, मृणालिनीलाही ती आधी थापच वाटली होती. कंपवातामुळे त्यांची पावलं अशी अडत, की स्वयंपाकघराच्या दारात गृहस्थ दोन-दोन मिनिटं खिळून उभे राहत. एका संध्याकाळी मात्र त्यांनी हट्टानं, मृणालिनीचा खांदा धरून, मुलीच्या जुन्या सायकलवर टांग टाकली आणि अल ऐन या आखाती शहरातल्या आपल्या निवांत गल्लीच्या टोकाला जाऊन वळून आले. डॉक्टर म्हणाले, होतं असं काही जणांचं.

म्हणून फेब्रुवारीत कंपवाताच्या रुग्णांच्या मदतीसाठी दहा किलोमीटरची सायकलफेरी निघणार म्हटल्यावर त्यांनी नाव दिलं. पण कसं, तर रुग्ण म्हणून नव्हे, मदत करणारे म्हणून! आजाराचा त्यांनी कोणाला पत्ताच लागू दिला नव्हता. ऑफिसात पाठदुखी सांगून राजीनामा दिला होता. व्हिसा आता बायकोच्या शाळेच्या नोकरीवर होता, नाक मात्र पहिल्याइतकंच वर. त्यात जुन्या ऑफिसची मंडळीही फेरीला येणार होती.

"माझं सायकलिंग बघू देत सगळ्यांना," ते म्हणाले. "चालताना मात्र कोणी बघता कामा नये. तेवढं सांभाळ."

मृणालिनीनं सांभाळलं. जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी, शेवटच्या रेषेला अगदी लागून तिनं गाडी उभी केली. सायकलवरून उतरायचं, दोन पावलं टाकायची आणि गाडीत बसायचं. इतकी बारीक आखणी तिनं मुलीच्या लग्नातही केली नव्हती.

पण ऐन वेळी ॲम्ब्युलन्सला वाट हवी म्हणून स्वयंसेवकांनी सगळ्या गाड्या हलवायला लावल्या. तिची गाडी गेली थेट मंडपापलीकडे. ती धावत परत आली, तोच गुणवंत येताना दिसले. पाठ ताठ, चेहरा मोकळा, आणि चहाचा कप धरू न देणारा तो हात हँडलवर शांत. हा माझा नवरा आहे, असं तिला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

तिच्या आधारानं ते उतरले. "गाडी कुठाय?"

"हलवायला लावली हो. मंडपाच्या पलीकडे आहे."

मंडपात त्यांचे जुने सहकारी करक चहा पीत बसले होते. तिथपर्यंतचंच अंतर तीस पावलांचं. गुणवंतांनी पाय उचलून पाहिला. उचलेना.

"परत सायकलवर बसव मला," ते पुटपुटले. पण टांग टाकायलाही पाय उचलावा लागतोच.

"सर!" मंडपातून तन्मयनं हाक मारली. तो एकेकाळी त्यांच्या हाताखाली होता. "यल्ला सर, चाय ठंडी हो रही है!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मृणालिनीला त्या क्षणी काही म्हणजे काही सुचेना.

तेवढ्यात स्वयंसेवकांतली एक मुलगी जवळ आली. "आंटी, मी हिबा, फिजिओ आहे. आम्ही रत्नागिरीचे, मराठीत बोला. तुमचा पाय अंकलच्या पावलापुढे आडवा ठेवा. अंकल, तुम्ही फक्त तो ओलांडायचा. समोर आडवं काही दिसलं की पाऊल सुटतं. ट्राय तर करा."

मृणालिनी थबकली. पाय ओलांडायचा? तिच्या माहेरी कोणी पसरलेला पाय ओलांडला, की लगेच उलटं ओलांडून परत यायला लावत. आणि हा तर तिचा पाय, नवऱ्याच्या वाटेत आडवा! तरी तिनं चप्पल काढली आणि पाय पुढे केला.

"तुझा पाय ओलांडू?" गुणवंत इतक्या गंभीरपणे म्हणाले, की तिला हसू आलं.

"ओलांडा."

"मग परत उलटं..."

"उलटं अजिबात यायचं नाही. एवढ्या मुश्किलीनं पुढे जाणार आहात!"

पाऊल उचललं गेलं. तिनं दुसरा पाय आडवा ठेवला, तोही ओलांडला. मग ती खेकड्यासारखी तिरकी सरकत राहिली आणि ते एकेक पाय ओलांडत आले. मंडपातली बडबड थांबली. पाठदुखी अशी नसते, हे समजायला कोणी डॉक्टर असायची गरज नव्हती.

मंडप जवळ आला, तशी ती हळूच म्हणाली, "मागून गाडीकडे नेऊ?"

गुणवंतांनी एकदा मंडपाकडे पाहिलं. "नको. तिकडेच चल."

तन्मयनं घाईघाईनं खुर्ची पुढे केली. कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. "सर, सायकल एकदम भारी चालवलीत," तो खाली मान घालून म्हणाला. "ॲक्च्युअली मी मागे पडलो तुमच्या."

गुणवंत सावकाश बसले, दम घेतला.

"सायकलचं सोड रे," ते म्हणाले. "चालताना बघितलंस ना मला?"