गुळाचा खडा

"माय, मान खाली घे," मोनिका म्हणाली. ओट्यावर बसलेल्या आसराबाईच्या केसांत अडकलेला कापूस ती वेचत होती. गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांखालचं झाडण्यात आसराबाईची उभी हयात गेली होती. घरी यायची तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या.

तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर आसराबाईनं पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तोंडात टाकला. सुटी होताना मुकादम साहेबराव बायकांच्या हातावर रोज गूळ ठेवायचा. गुळानं छातीतली धूळ उतरते, असं सारं जिनिंग मानत आलं होतं.

"माय, गूळ पोटात जातो. धूळ दुसऱ्या वाटेनं जाते." मोनिका बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"मंग ती कोण काढतं?"

"नाकातले केस मोठी धूळ अडवतात. पुढं नळीत शेंबडासारखा चिकट थर असतो, त्यात बारीक धूळ, जंतू अडकतात. अन् डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सारखी हलून तो चिकटा वर ढकलत राहते. खोकला आला की बाहेर."

"म्हंजे माझ्यासारख्याच झाडूवाल्या की!" आसराबाई हसली. "त्यांला कोणता मुकादम गूळ देतो?"

"हसू नको. रोज एवढी धूळ आल्यावर ती लवही झडते. मास्क का देत न्हाईत तुम्हाला?"

"हायेत की कपाटात. तपासायला सायब आला की वाटतात, गेला की मुकादम गोळा करून कुलूप लावतो, किल्ली त्याच्याच खिशात."

"मी बोलते साहेबरावमामाला."

"बिलकुल न्हाई! तू बोलून जाशील बदनापूरला. इथं काम जाईल माझं, अन् माझ्या जोडीनं झाडणाऱ्या दुर्गाबाईचं."

मोनिकानं विषय सोडला. दर वेळी सोडायची तसाच. ती पुन्हा कापूस वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी आसराबाईला ताप भरला. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. दोन्ही बाजू पांढऱ्या होत्या. जंतूंना हुसकायला आत कुणी उरलं नव्हतं. आठवडाभरात ती गेली.

तेराव्याच्या गोड जेवणाला साहेबराव गुळाची ढेप घेऊन आला. जिनिंगकडून, म्हणाला.

"आसराबाईनं कधी खाडा केला न्हाई. नशिबापुढं काय चालतं, पोरी? मी तर रोज गूळ देऊन राह्यलो होतो, बराबर. विचार हिला."

भिंतीशी बसलेल्या दुर्गाबाईनं मान हलवली आणि पदरात तोंड घालून खोकू लागली. त्यानं ढेपेचा कोपरा फोडला.

"घे दुर्गे. छाती मोकळी होईल."

दुर्गाबाईनं हात पुढं केला.

मोनिका उठली. दुर्गाबाईच्या हातावरचा खडा उचलून तिनं साहेबरावच्या तळहातावर परत ठेवला. आवाज चढवला नाही.

"मामा, ही ढेप घेऊन जा. गुळानं छाती साफ होत न्हाई, हे तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नसतं, तर सायब आल्यावर तेवढ्यापुरते मास्क कपाटातून काढून वाटले नसते. माझी माय नशिबानं न्हाई मेली. कपाटाची किल्ली तुमच्या खिशात होती, म्हणून मेली."